मधाची योग्यता

आमच्या बहुतेक घरांतून देवघराजवळच्या फडताळांत मधाची एक बाटली असतेच. पंचामृताला ती लागते, खोकल्याला आल्याच्या रसाबरोबर लागते, आणि वैद्याच्या पुडीला अनुपान म्हणूनहि लागते. परंतु हाच मध जखमेवर लावण्याचें औषध आहे, असें कोणीं म्हटलें, कीं घरांत लागलीच दोन पक्ष उभे राहतात. शास्त्रशाखेचा पदवीधर मुलगा हंसतो आणि ‘गोड पदार्थानें कोठें जखम बरी होते काय?’ असें विचारतो. वडील मंडळी ‘आमच्या सुश्रुतानें हें केव्हांच सांगून ठेविलें आहे’ असें म्हणून तो वाद तेथेंच मिटवितात. आमचा अनुभव असा आहे, कीं हंसणारानें प्रयोग वाचलेले नसतात आणि अभिमान बाळगणारानें सुश्रुत वाचलेला नसतो. यास्तव दोघांसाठींहि चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र गुरूंजवळ बसून झालें. शाळेंत संस्कृत व मराठी शिकवून निवृत्त झालों आणि बदलापुरास घर करून राहिलों. इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतील लेख आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां डॉक्टर आहे, शेजारीं बसून समजावून दिले. सुश्रुत आम्हीं आमचा आम्हींच वाचला. या विषयाकडे लक्ष जाण्याचें कारण आमचा मुलूखच आहे. अंबरनाथची औद्योगिक वसाहत, उल्हासनगरांतील दाटीवाटीनें चालणारे लहान कारखाने आणि आमच्या बदलापूरच्या नव्या इमारतींतील शेंकडों स्वयंपाकघरें, या सर्व ठिकाणीं भाजण्या-कापण्याचे प्रसंग नित्याचे आहेत. त्यांतच मधुमेहानें घरोघर ठाण मांडिलें आहे, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम ही काय चीज आहे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

प्रथम सुश्रुताकडे वळूं. सूत्रस्थानांत त्यानें मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत : पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. मधाचे जे गुण तो देतो त्यांपैकीं तीन शब्द जखमेच्या दृष्टीनें महत्त्वाचे आहेत : शोधन, रोपण आणि संधान. शोधन म्हणजे व्रणांतील घाण काढून तो स्वच्छ करणें, रोपण म्हणजे तो भरून आणणें, आणि संधान म्हणजे तुटलेलें सांधणें. शस्त्रक्रियेचा विधि सांगतांना तो म्हणतो, कीं जखम धुऊन पुसून घ्यावी, तिळाचा कल्क, मध व तूप यांनीं माखलेली वात तींत ठेवावी, वर पट्टी बांधावी, आणि ती तिसऱ्या दिवशीं सोडावी. दुसऱ्याच दिवशीं उतावीळपणानें सोडल्यास व्रण उशिरां भरतो व ठणका लागतो, असा इशाराहि त्यानें दिला आहे. येथपर्यंत अभिमानी पक्षाचें म्हणणें खरें आहे.

परंतु हाच ग्रंथ पुढें वाचला म्हणजे कांहीं गोष्टी निराळ्या दिसूं लागतात. भाजण्याचा विचार सुश्रुतानें स्वतंत्रपणें केला असून त्याच्या चार पायऱ्या पाडल्या आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध. नुसता त्वचेचा रंग पालटला तर प्लुष्ट. फोड येऊन आग होऊं लागली तर दुर्दग्ध. आणि मांस सुटून लोंबूं लागलें व शिरा, स्नायु, हाडें यांपर्यंत इजा पोहोंचली म्हणजे अतिदग्ध. या सर्वांवर उत्तम रोपण म्हणून जें औषधी तूप तो सांगतो, त्यांतील पहिलें द्रव्य ‘मधूच्छिष्ट’ हें आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध नव्हे. मध काढून घेतल्यावर मागें उरणारें मेण. त्याच्याच शेजारीं ‘मधुक’ येतें, तें ज्येष्ठमध. आणि दीर्घ ऊकाराचा ‘मधूक’ तर मोहाचा वृक्ष. शब्दांत ‘मधु’ दिसला, कीं तेथें मध आहे असें समजून ग्रंथाचे दाखले देणारीं पुष्कळ माणसें आम्हांस भेटलीं आहेत. शाळेंत असतों तर त्यांस शब्दरूपावलि पुन्हा एकदां लिहावयास सांगितली असती. अतिदग्धाविषयीं तर सुश्रुताची आज्ञा अशी आहे, कीं नासून गेलेलें मांस आधीं काढून टाकावें आणि मग शीतल उपचार करावे. ही आज्ञा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

आतां हंसणाऱ्या पक्षाकडे वळूं. त्यांस वाटतें, कीं मधाचा कोणीं रीतसर प्रयोग केलाच नसेल, आणि केला असेल तर तो कोठें तरी परदेशांत. वस्तुस्थिति अशी आहे, कीं या विषयांतील अत्यंत गाजलेला प्रयोग आपल्या सोलापुरास झाला. तेथील डॉ. वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांचा अवघ्या दोन पानांचा लेख सन १९९१ मध्यें ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. भाजलेले १०४ रुग्ण त्यांनीं घेतले. ५२ जणांच्या जखमांवर मध लावला, आणि ५२ जणांस त्या काळीं सर्वत्र वापरांत असलेलें सिल्व्हर सल्फाडायझिन हें चांदीचें मलम लावलें. सात दिवसांत मधाच्या गटांतील शेंकडा ९१ जखमा जंतुरहित झाल्या. मलमाच्या गटांत हें प्रमाण शेंकडा ७ होतें. जखमेंत निरोगी लाल मांसांकुर दिसूं लागण्यास मधाच्या गटांत सरासरी ७.४ दिवस लागले, दुसऱ्या गटांत १३.४ दिवस. पंधरा दिवसांच्या आंत पहिल्या गटांतील शेंकडा ८७ जखमा भरून आल्या, दुसऱ्या गटांतील शेंकडा १०. वेदना कमी, व्रण कमी जाड, आणि खर्च अल्प, हे लाभ निराळेच.

सुब्रह्मण्यम् येथेंच थांबले नाहींत. मधांत भिजविलेली जाळीदार पट्टी आणि पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा यांची तुलना त्यांनीं ९२ रुग्णांवर केली, आणि ती १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत मधानें जखम सरासरी १०.८ दिवसांत भरली, पापुद्र्यानें १५.३ दिवसांत. गर्भावरणाची पट्टी आणि उकडलेल्या बटाट्याचीं सालें, हींहि त्या काळीं भाजलेल्या जखमांवर वापरीत. त्यांच्याशींहि त्यांनीं मध ताडून पाहिला, आणि दोन्ही वेळां मध सरस ठरला.

परंतु आमच्या मनांत या गृहस्थांविषयीं खरा आदर उत्पन्न झाला तो यापुढील लेख वाचून. जो मनुष्य दहा वर्षें एका औषधाचा कैवार घेतो, तो त्या औषधाचा पराभव सहसा आपल्या हातानें लिहीत नाहीं. सन १९९९ मध्यें ‘बर्न्स’ या नियतकालिकांत सुब्रह्मण्यम् यांनीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत एका गटास मधाची पट्टी आणि दुसऱ्या गटाची जळालेली त्वचा लौकर तासून काढून तेथें नव्या त्वचेचें कलम, असे दोन उपचार त्यांनीं समोरासमोर ठेविले. निष्कर्ष काय, तर अशा जखमांस लौकर केलेली शस्त्रक्रियाच मधाहून श्रेष्ठ! हा निष्कर्ष त्यांनीं लेखाच्या मथळ्यांतच घातला, कोपऱ्यांत दडविला नाहीं. आतां अतिदग्धाविषयींची सुश्रुताची आज्ञा पुन्हा आठवावी : नासलेलें आधीं काढा, मग पुढील उपचार करा. मधाचा मोठेपणा ज्यांनीं सांगितला त्या दोघांनींहि त्याची सीमा सांगितली आहे. आपण मात्र मोठेपणा तेवढा उचलतों आणि सीमा ग्रंथांतच ठेवितों.

पुढें जगांतील सर्व प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रन नांवाच्या संस्थेनें सन २०१५ मध्यें २६ प्रयोग आणि ३०११ रुग्ण यांचा हिशेब मांडला. तिचा अभिप्राय असा : वरवरच्या, म्हणजे त्वचेची पूर्ण जाडी न जळलेल्या, भाजण्यावर मधानें जखम नेहमींच्या पट्टीपेक्षां चार-पांच दिवस आधीं भरते, शस्त्रक्रियेनंतर पिकलेल्या जखमेवरहि तो जंतुनाशक द्रव व जाळीची पट्टी यांहून सरस दिसतो, परंतु पायांच्या शिरांच्या विकारानें होणारे व्रण, मधुमेह्याच्या पायाच्या जखमा यांवर त्याचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाहीं. आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. ज्या चांदीच्या मलमाशीं मधाची तुलना झाली, तें मलम स्वतःच जखम भरण्यास विलंब लावितें, असें पुढें दिसून आलें आहे. प्रतिस्पर्धी अशक्त असला म्हणजे मल्लाचा विजय खरा असला तरी थोडा फुगलेला असतो.

मध हें काम कसें करितो, तेंहि थोडक्यांत पाहूं. चांगल्या मधांत पाण्याचा अंश शेंकडा २० हून अधिक नसतो; बाकी बहुतेक साखर. त्यामुळें तो जखमेंतील व जंतूंच्या शरीरांतील पाणी शोषून घेतो. लोणच्यांत मीठ जें करितें, मुरंब्यांत साखर जें करिते, तेंच हें. दुसरें, मध गोड लागला तरी जातीनें आम्ल आहे, आणि पुष्कळ जंतूंस आम्ल मानवत नाहीं. तिसरें कारण अधिक मनोरंजक आहे. मधमाशी मधांत ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाचें एन्झाइम मिसळते. जखमेंतील लस मिसळून मध पातळ झाला, कीं त्या एन्झाइमाच्या योगानें हायड्रोजन पेरॉक्साइड थोडें थोडें तयार होत राहतें. मधांतील जंतुनाशक द्रव्य तें हेंच, असें अमेरिकेंत जोनाथन व्हाइट व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ मध्यें दाखविलें. हें एन्झाइम उष्णतेनें मरतें. मध तापवूं नये हा आमच्या वैद्यांचा दंडक निराळ्या कारणासाठीं असला, तरी जखमेच्या बाबतींत तो अनायासें उपकारक आहे. न्यूझीलंडांतील मनुका नांवाच्या झुडुपाच्या मधांत याहून निराळें, मिथिलग्लायॉक्सल नांवाचें द्रव्य काम करितें. म्हणून एका मधाचा गुण दुसऱ्यास चिकटविणें बरोबर नव्हे. सुश्रुताच्या आठ जातींमागें हाच विवेक असावा असें आम्हांस वाटतें.

इतका विचार पुस्तकांत ठीक. घरांत काय घडतें, तें आतां सांगतों. आमच्या शेजारीं कारखान्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. मधुमेह पंधरा वर्षांचा. नवी चप्पल लागून उजव्या पायाच्या बोटाजवळ फोड आला, फुटला, आणि तेथें जखम झाली. मधुमेहानें पायाची संवेदना गेलेली, त्यामुळें दुखलें नाहीं. दुखलें नाहीं म्हणून कोणीं लक्ष दिलें नाहीं. डोंगराकडून बादलींत मोहोळाचे तुकडे घेऊन येणाऱ्या विक्रेत्याकडून अस्सल मध म्हणून एक बाटली घेतली आणि तो मध रोज जखमेवर लावण्याचा क्रम चालला. तीन आठवड्यांनीं आम्ही सहज भेटावयास गेलों तेव्हां खोलींत वास येत होता, आणि बोट काळवंडलें होतें.

“अहो, हें डॉक्टरांस दाखविलें कां नाहीं?” आम्हीं विचारिलें.

“मास्तर, डॉक्टर काय, बोट काप म्हणतील. आणि तुमच्या सुश्रुतानेंच मध सांगितला आहे ना? आपलेंच शास्त्र आपणच मानायचें नाहीं, तर मानायचें कोणीं?” ते म्हणाले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी, तो दाराशीं उभा राहून काकुळतीनें म्हणाला, “गुरुजी, बाबा आमचें ऐकत नाहींत. तुम्हीं तरी सांगा.”

आम्हीं वाद घातला नाहीं. घरीं जाऊन ग्रंथ घेऊन आलों, आणि सूत्रस्थानांतील जो अध्याय साध्य व असाध्य व्रणांचा विचार करितो, तो त्यांच्यासमोर उघडला. तेथें सुश्रुत सांगतो, कीं कुष्ठी, विषानें ग्रासलेले, क्षयी आणि मधुमेही यांचे व्रण मोठ्या कष्टानें बरे होतात. आम्हीं शब्दन् शब्द अर्थ करून सांगितला. ‘मधुमेहिनाम्’ या शब्दावर त्यांनीं स्वतःच बोट ठेविलें व बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग मुलास म्हणाले, “रिक्षा बोलाव.” त्याच संध्याकाळीं त्यांस रुग्णालयांत नेलें. बोट गेलें, पाय वांचला. आणखी आठ दिवस लोटले असते तर पायाचें काय झालें असतें, तें डॉक्टरांनीं त्यांच्यासमोरच सांगितलें. ज्या ग्रंथाच्या नांवावर ते घरीं बसले होते, त्याच ग्रंथानें त्यांस घराबाहेर काढिलें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ग्रंथाचा अभिमान धरावयाचा तर तो सगळा ग्रंथ वाचून धरावा.

बादलींतील मधाविषयींहि बोललें पाहिजे. डोंगरांतील मध अस्सल असला तरी निर्जंतुक नसतो. मधांत जंतु वाढत नाहींत हें खरें. पण कांहीं जंतूंचीं बीजें त्यांत निद्रिस्त राहूं शकतात, आणि त्यांत बॉट्युलिझम या घातक रोगाचींहि बीजें असूं शकतात. म्हणून रुग्णालयांत जखमेवर वापरावयाचा मध गॅमा किरणांनीं निर्जंतुक केलेला असतो. या किरणांनीं बीजें मरतात, आणि तापविण्यानें होतो तसा एन्झाइमाचा नाश होत नाहीं. हीच बीजें तान्ह्या मुलाच्या पोटांत गेलीं, तर तेथें रुजून विष उत्पन्न करूं शकतात. अर्भकांचा हा रोग वैद्यकास १९७६ मध्यें कळला, आणि तेव्हांपासून एक वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये असा जगभर नियम झाला आहे. आमच्या घरांतून जातकर्माच्या वेळीं सोन्यानें मध-तूप चाटविण्याची चाल आहे. आमच्या नातवाच्या वेळीं हा प्रश्न उभा राहिला. सौभाग्यवतीचा आग्रह मोडवेना, आणि डॉक्टरांचें म्हणणें टाळवेना. शेवटीं मंत्र यथासांग म्हटले, मध-तुपाची वाटी देवापुढें ठेविली, आणि बाळाच्या मुखीं आईचेंच दूध गेलें. संस्कार झाला, आणि सौभाग्यवतीचेंहि समाधान झालें.

दुकानांतील बाटलीबंद मधाची गोष्ट निराळी. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेनें डिसेंबर २०२० मध्यें १३ व्यापारी नांवांच्या मधांची तपासणी जाहीर केली. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स नांवाच्या कसोटीस त्यांपैकीं तीनच उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष तिनें काढिला. उत्पादकांनीं तो नाकारला. पाण्यांत थेंब टाकून पाहणें, काडी बुडवून पेटविणें, या घरगुती कसोट्यांस आजचा पाक सहज चकवितो. आमच्या उशाशीं मलंगगड, चंदेरी, माथेरान या डोंगरांवर कारवी आठव्या वर्षीं फुलते आणि त्या वर्षीं मधमाश्यांची चंगळ होते. असा मध मिळाला तर तो अवश्य खावा. महाबळेश्वराजवळच्या मांघर गांवास सन २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून मान मिळाला, तेंहि कौतुकास्पद आहे. परंतु ताटांतील मध आणि जखमेवरील मध यांत अंतर राखावें.

आतां आमच्या भगिनींसाठीं, कारण भाजण्याचे प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतात, थोडें व्यवहाराचें लिहून पुरें करितों. भाजल्याबरोबर मध, तूप, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहींहि लावूं नये. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा; बर्फ लावूं नये; बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधीं काढाव्या; फोड फोडूं नये; स्वच्छ कापडानें सैल झांकावें. जखम आपल्या तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात, सांधे यांवर असेल, पांढरी किंवा काळी पडून दुखेनाशी झाली असेल, विजेनें किंवा रसायनानें झाली असेल, तर विलंब न करितां रुग्णालय गांठावें. आमच्याकडील लोकांस उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे, आणि मोठ्या भाजण्यासाठीं ऐरोलीस नॅशनल बर्न्स सेंटर आहे. धनुर्वाताच्या सुईची चौकशी करावी. मधुमेह्यानें रोज रात्रीं पायाचे तळवे आरशांत पाहावे, आणि जखम दिसल्यास ती दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. आणि जखम वरवरची आहे असें डॉक्टरांनीं पाहून सांगितलें, तर निर्जंतुक मधाची पट्टी चालेल काय, असें त्यांस नि:संकोच विचारावें. सोलापुरास झालेल्या प्रयोगांवर आधारलेला हा प्रश्न आहे; तो विचारण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.